३६ मिमीचं स्पोर्ट्स घड्याळ रोज घालायचं असेल तर

३६ मिलिमीटर लहान दिसेल का, असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनगटावर त्या क्षणी ४२ किंवा ४४ मिलिमीटरचं घड्याळ असतं. तुमचंही तसंच आहे. तुम्ही बरीच वर्षं ४२चं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेल्या जातीचं घड्याळ, वापरताय, मनगटाचा घेर १७ सेंटिमीटर आहे, आणि आता रोलेक्स एक्सप्लोररच्या जातीचं, ३६ ते ३९च्या दरम्यानचं स्टीलचं एकच घड्याळ घेऊन ते ऑफिस, प्रवास, पोहणं अशा सगळीकडे घालायचं ठरवलंय. लहान दिसेल का, पाण्यात चालेल का, चरे पडले तर काय करायचं, आणि जुनं घ्यावं की नवं, हे तुमचे प्रश्न. मी घड्याळं दुरुस्त करतो, विकत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं रोज घातलेली घड्याळं कोणत्या अवस्थेत टेबलावर येतात, त्यावरून हे उत्तर देतोय. व्यासाचा आकडा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी महत्त्वाचा आहे, आणि चरे त्याहूनही कमी. रोजच्या वापरात घड्याळ सुखाचं होतं की नाही हे चेनच्या मापावर ठरतं, आणि ते टिकतं की नाही हे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांवर.

आधी आकाराचं उरकतो. १९४५ साली रोलेक्सचं डेटजस्ट आलं ते ३६ मिलिमीटरचं होतं, आणि त्या काळी पुरुषांच्या घड्याळांतही ते मोठंच गणलं जायचं. एव्हरेस्ट सर झालं त्या १९५३ सालचं एक्सप्लोररही याच मापाचं. १९७२ मध्ये जेराल्ड जेंटाने रेखलेलं ओडेमार पिगेचं रॉयल ओक ३९चं निघालं, तर त्याला टोपणनाव पडलं 'जंबो'. १९९३ मध्ये ४२चं रॉयल ओक ऑफशोअर आलं, पुढच्या दशकात ४४-४५ मिलिमीटर नेहमीचं झालं आणि सगळ्यांचीच नजर त्या मापाला सरावली. आता काटा परत फिरलाय. एक्सप्लोरर २०१० मध्ये ३९चं झालं, २०२१ मध्ये पुन्हा ३६वर आलं, आणि ज्यांना मोठंच हवं त्यांच्यासाठी २०२३ मध्ये ४०चं वेगळं काढलं गेलं. आयडब्ल्यूसीने २०२५ मध्ये इंजेनियर चक्क ३५मध्ये आणलं. तुम्हाला ३६ लहान वाटतं ती नजरेची सवय आहे, आणि ती मोडायला आठवडाभर पुरतो. मात्र त्या आठवड्यात जुनं ४२ अधूनमधून चढवायचं नाही, नाहीतर दरवेळी पहिल्यापासून सुरुवात.

मोजायचं ते दुसरंच अंतर. केस म्हणजे घड्याळाचा धातूचा डबा, आणि चेन त्याला जिथे जोडलेली असते ते चार पाय म्हणजे लग. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंत पट्टी धरा. १७ सेंटिमीटर घेराच्या मनगटाचा वरचा सपाट भाग साधारण पाच-साडेपाच सेंटिमीटर रुंद असतो. सध्याच्या ३६च्या एक्सप्लोररमध्ये हे लगांचं अंतर ४३ मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे दोन्हीकडे थोडं मनगट मोकळं राहतं आणि चेन लगेच खाली वळते. ४२च्या बऱ्याच डायव्हरमध्ये तेच अंतर ४८ ते ५०वर जातं. टोकं मनगटाच्या कडांवर टेकतात, मध्ये पोकळी राहते आणि घड्याळ दिवसभर डुलत असतं. तुमच्या हाताच्या पाठीवर चावीचा, म्हणजे बाजूच्या फिरवायच्या बटणाचा, वळ उमटत असेल तर कारण बहुधा हेच.

रॉयल ओक किंवा व्हॅशरॉनचं १९७७ सालचं २२२ यांच्यासारखी घड्याळं, ज्यांत चेन केसमधूनच निघते, ती या हिशेबात बसत नाहीत. त्यांना सुटे लग नसतात, पण चेनची पहिली कडी ताठ बाहेर येते आणि ती वळायला लागते तिथपर्यंत सगळं घड्याळच धरावं लागतं. म्हणून ३९चं रॉयल ओक साध्या लगवाल्या ३९पेक्षा मोठं वाटतं, आणि ३७चं २२२ कागदावर वाटतं तितकं लहान हातावर दिसत नाही. यातलं काही मनात असेल तर आकडे बाजूला ठेवा आणि हातात घालूनच ठरवा.

डायलचंही एक आहे. डायव्हरची फिरती कड बरीच जागा खाते. एक्सप्लोररची गुळगुळीत कड अरुंद असते. त्यामुळे तुमचं ४२ आणि नवं ३६ यांच्या डायलमधला फरक सहा मिलिमीटर भरत नाही, बराच कमी भरतो. वेळ वाचायला त्रास होईल ही भीती त्यामुळे काढून टाका. काळ्या डायलवर ३, ६, ९ हे मोठे आकडे आणि त्रिकोण असलेली मांडणी मुळात एका नजरेत वेळ कळावी म्हणूनच केलेली आहे. चाळिशीचा चष्मा लागल्यावर तिची खरी किंमत कळते. आणि मनगटाचा फोटो काढून मित्रांना विचारत बसू नका. फोनची लेन्स जवळच्या वस्तूला फुगवते, तुमच्याच मनगटावर ३६चं ४० दिसेल. उभ्या आरशासमोर दोन पावलं मागे सरकून हात सैल सोडा. लोकांना दिसतं ते तेवढंच.

बाहीखाली घड्याळ जातं की नाही हे जाडीवर अवलंबून. साडेअकरा मिलिमीटरपर्यंतचं घड्याळ बटण लावलेल्या कफखाली सरकतं. तेरा-चौदा झालं की कफ त्याच्यावर अडकतो, तिथलं कापड आधी विटतं आणि माणूस नकळत एक बाही दुमडून फिरू लागतो. पातळपणात जुन्या रॉयल ओकला तोड नाही, त्यातलं २१२१ हे ऑटोमॅटिक मशीन अवघं ३.०५ मिलिमीटर जाड. पण त्या जंबोच्या पातळ केसची पाण्याची क्षमता ५० मीटरवर थांबते. तुम्हाला पोहायचंय, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

आता चेन. हौसेने घेतलेलं घड्याळ सहा महिन्यांत ड्रॉवरमध्ये जातं, त्याचं कारण विचारलं तर लोक काहीही सांगतात. हातात घेऊन पाहिलं तर बहुतेक वेळा चेन चुकीच्या मापाची असते. मनगट दिवसभर एका मापाचं राहत नाही. उकाड्यात, चालून आल्यावर, लांबच्या विमानप्रवासात ते फुगतं. थंडीत आणि सकाळी उठल्यावर आकसतं. माप घ्यायला दुपारी जा. चेन लावल्यावर क्लास्प (चेन बंद करायचा भाग) आणि कातडी यांच्यामध्ये करंगळीचं टोक जोर न लावता शिरलं पाहिजे. घड्याळ मनगटाच्या उंचवट्याच्या हाडावर नको, त्याच्या मागे, कोपराच्या बाजूला हवं. आणि क्लास्प मनगटाच्या आतल्या बाजूला अगदी मध्यावर यायला हवा. त्यासाठी सहाच्या बाजूला बाराच्या बाजूपेक्षा एखादी कडी कमी ठेवावी लागते, पण दुकानात घाईत दोन्हीकडून सारख्या कड्या काढून देतात. मग क्लास्पची कड लिहिताना टेबलावर टेकते, घड्याळाचं डोकं बाहेरच्या बाजूला कलतं, आणि दोष मात्र घड्याळाच्या आकाराला लागतो.

दिवसातून दोनदा बदलणाऱ्या मनगटाला एका ठरावीक लांबीची चेन पुरत नाही, म्हणून क्लास्पमध्ये हत्याराशिवाय लांबी बदलायची सोय असलेलंच घड्याळ घ्या. रोलेक्सच्या ईझीलिंकने ५ मिलिमीटर मिळतात. ट्यूडरच्या टी-फिटमध्ये पाच टप्प्यांत ८. माझ्या मते रोजचं घड्याळ निवडताना या सोयीचं वजन डायलच्या रंगापेक्षा जास्त. ३६ मिलिमीटरच्या घड्याळाचं डोकं हलकं असतं, त्यामुळे नीट बसवलेल्या चेनवर ते दुपारपर्यंत विसरायला होतं. माझी रोजच्या घड्याळाची परीक्षा ती एकच.

चेन ढिली ठेवायची आवड असेल तर किंमत कळलेली बरी. डोकं मनगटाच्या बाहेरच्या बाजूला लोंबतं आणि दाराच्या मुठीला, टेबलाच्या कडेला, गाडीच्या दरवाज्याला तेच आधी लागतं. शिवाय प्रत्येक हालचालीत कड्या एकमेकींवर खेळतात. घाम, धूळ आणि साबणाचा अंश मिळून सांध्यांत एक काळी पेस्ट तयार होते आणि ती पिना आणि त्यांची भोकं घासत राहते. वीस वर्षं वापरलेली चेन आडवी धरली की जी वाकून खाली झुकते, ती या घासण्यामुळे. यावर इलाज अगदी स्वस्त आहे. चावी घट्ट बंद आहे याची खात्री करायची, कोमट पाणी, भांडी घासायच्या सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश, सांध्यांमधून ब्रश फिरवायचा, नळाखाली खळखळून धुवायचं आणि सुती कापडाने टिपायचं. घाम जास्त येत असेल तर दर आठवड्याला, नाहीतर महिन्यातून दोनदा. घड्याळाच्या पाणी अडवण्यावर भरवसा नसेल तर चेन सोडवून वेगळी धुवा. दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन घरी आणून त्यात अख्खं घड्याळ मात्र बुडवू नका. त्या थरथरीने आतले स्क्रू सैल होतात.

दोन बारीक गोष्टी. कड्या स्क्रूच्या असतील तर माप करून घेताना स्क्रूला थ्रेड-लॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलंय का ते विचारा, नाहीतर एक स्क्रू हळूहळू मागे येतो आणि कधी पडला ते कळतही नाही. दुसरं, चेन आणि केस यांना जोडणाऱ्या स्प्रिंगच्या पिना, म्हणजे स्प्रिंग-बार, दर सर्व्हिसला बदलून घ्या. अख्ख्या घड्याळातला सगळ्यात स्वस्त भाग तोच, आणि घड्याळ हातातून सुटून पडतं तेही बहुधा त्याच्यामुळेच. आणि चामड्याचे किंवा कापडी पट्टे बदलत राहायची हौस असेल तर ३६च्या एक्सप्लोररमध्ये दोन शेजारच्या लगांमधली, पट्टा बसतो ती रुंदी १९ मिलिमीटर आहे. बाजारात पट्टे मुख्यतः १८ आणि २०चे. २०चा दाबून बसतो, पण कडेला सुरकुती पडते.

पाण्याकडे येतो. १०० मीटर लिहिलेलं आणि आट्यांची चावी असलेलं घड्याळ पोहायला चालतं. "१०० मीटर म्हणजे फक्त हात धुवायला, पोहताना हात आपटल्याने दाब कित्येक पट वाढतो" हे तुम्हीही ऐकलं असेल. हिशेब करून बघा. हात पाण्यात सेकंदाला ३ मीटर वेगाने गेला, तर त्या वेगाने वाढणारा दाब सुमारे ०.०४५ बार, म्हणजे जेमतेम अर्ध्या मीटर खोलीइतका. सेकंदाला १० मीटर धरला तरी अर्धा बार, पाच मीटर खोली. १०० मीटरचं घड्याळ १० बारला तपासलेलं असतं. पोहण्याने ते मरत नाही.

मरतं ते दोन कारणांनी. पहिलं म्हणजे उघडी राहिलेली चावी. काटे जुळवले, फोन आला, चावी नुसती आत ढकलली आणि आटे फिरवायचे राहिले. पाणी शिरून माझ्याकडे येणाऱ्या घड्याळांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. चावी बंद करायची रीत आहे: हलकेच आत दाबून आधी उलट्या दिशेने फिरवा, आटा घरात बसल्याची बारीक टिक बोटाला जाणवेल, मग सरळ फिरवा. अडलं तर जोर लावू नका, मागे या आणि पुन्हा करा. तिरकी चढवलेली चावी, ती जिच्यावर बसते त्या नळीचे आटे खाते. घट्ट झाल्यावर आणखी पाव फेरा पिळायचीही गरज नाही, त्याने आतली रबरी कडी चपटी होते. दुसरं कारण म्हणजे म्हातारी झालेली गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी. रबर वयाने कडक होतं, घड्याळ वापरा किंवा कपाटात ठेवा. १०० मीटर हा आकडा घड्याळ नवं असतानाचा आहे. पाच वर्षांनंतर तो डायलवर तसाच छापलेला दिसतो, आतलं रबर मात्र तेच राहिलेलं नसतं. नियमित पोहणाऱ्याने दर वर्षी प्रेशर टेस्ट करून घ्यावी. काही मिनिटांचं काम आहे, केस उघडावीही लागत नाही.

गरम पाण्याने अंघोळ, वाफ, सॉना हे टाळा. उष्णतेने धातू आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, आणि एरवी जिथे थेंब थांबला असता तिथून तो आत सरकतो. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. वाळलेलं मीठ चावीच्या आट्यांत आणि क्लास्पच्या स्प्रिंगमध्ये बसतं. डासांसाठी डीईईटी असलेलं मलम लावत असाल तर घड्याळ काढून लावा, ते द्रव्य प्लॅस्टिक आणि काही रबरांवर चढतं. काचेच्या आतून धुकं दिसलं आणि ते काही मिनिटांत गेलं, तरीही आत ओल आहे असंच समजा. चावी ओढून "वाळवायला" ठेवू नका, तांदळात पुरू नका. त्याच दिवशी उघडायला द्या. पोलादी सुटे भाग गंजायला फार वेळ घेत नाहीत, आणि खाऱ्या पाण्याने तर रात्रही पुरते.

चुंबकाचा धोका लोकांना वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची गती राखणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता मोठी. आयएसओ ७६४ हे प्रमाण पाळणारं घड्याळ मीटरला ४,८०० अँपिअरपर्यंतचं, म्हणजे सुमारे ६० गॉसचं क्षेत्र सोसतं. टॅबलेटच्या कव्हरमधलं किंवा बॅगेच्या झाकणातलं चुंबक अगदी चिकटून असताना याच्या पुढे जातं. पण अंतर वाढलं की जोर झपाट्याने घटतो, चार-सहा सेंटिमीटरवर भीती उरत नाही. म्हणजे लॅपटॉपवर काम करा, फक्त काढलेलं घड्याळ त्याच्या झाकणावर किंवा स्पीकरवर ठेवू नका. एक्सप्लोररच्या ३२३० मशीनमधली निळी पॅराक्रोम हेअरस्प्रिंग नायोबियम-झिर्कोनियमची आहे, तिला हा त्रास फारसा नाही. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर प्रमाणित घड्याळं तर १५,००० गॉसला तपासतात, आणि ३८चं ॲक्वा टेरा त्यातलंच. दिवसभर चुंबकांच्या सान्निध्यात काम असेल तर मी तेच सुचवीन. आधीच चुंबकत्व शिरलं असेल तर घाबरू नका, ते काढायला काही सेकंद लागतात.

आता चरे. तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त ओळी यावरच आहेत, आणि माझं उत्तर सगळ्यात कोरडं: पडू द्या. साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ ७ला आहे, स्टील त्याच्या खाली आणि सफायर काच ९ला. त्यामुळे स्टीलवर रेघा उमटणारच, मग ते ३१६एल असो की रोलेक्सचं ९०४एल. ९०४एल गंजाला जास्त दाद देत नाही, पण ओरखड्यापासून वाचवत नाही. काच मात्र वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. तिच्यावर रेघ दिसली तर ती अनेकदा काचेवर घासून लागलेला दुसरा धातू असतो, नाहीतर वरच्या चकाकीरोधक थरावरचा ओरखडा. सफायरला भीती आहे ती कडेला बसणाऱ्या थेट माराची, तिथे तिचा टवका उडतो.

पहिला चरा पहिल्याच आठवड्यात क्लास्पवर पडेल, टेबलाच्या कडेने. त्यावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्म मिळतात. मला त्या पटत नाहीत; कडांना मळ धरतात आणि तो मळच पुढे घासतो. ब्रश केलेल्या पृष्ठावर चरे एकमेकांत मिसळून वर्षभरात एकसारखे होतात, चकचकीत पृष्ठावर प्रत्येक रेघ वेगळी उठून दिसते. हे सहन होत नसेल तर चकाकी कमी असलेलं मॉडेल घ्या, तेवढाच उपाय.

दर सर्व्हिसला पॉलिश मात्र करून घेऊ नका. पॉलिश म्हणजे वरचं स्टील काढून टाकणं, पेन्सिलीला टोक करत राहावं तसं. दोन-तीन पॉलिशनंतर लगच्या कडा गोल होतात, कडेची धारदार तिरकी पट्टी पुसली जाते, भोकं पसरट दिसू लागतात, आणि घड्याळ चकचकीत पण साबणासारखं मऊ झालेलं असतं. ३६च्या केसवर लग मुळातच नाजूक असल्याने हा ऱ्हास लवकर दिसतो. सर्व्हिसला देताना "केस आणि चेनला पॉलिश करू नये" असं पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं कामगारापर्यंत पोचतंच असं नाही. खोल टवका असेल तर लेझर वेल्डिंगने तिथे धातू भरून आकार परत आणता येतो, पण ते कसबी हाताचं काम आहे आणि एकदाच करायचं.

चालण्याबद्दल थोडक्यात. रोज घालणाऱ्याला वाइंडर, म्हणजे काढलेलं घड्याळ फिरवत ठेवणारं यंत्र, लागत नाही. ३२३० मशीन पूर्ण भरल्यावर ७० तास चालतं, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढलेलं घड्याळ सोमवारी सकाळी चालू असतं. सीओएससी या स्विस तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांचं असतं, रोलेक्स स्वतः उणे २ ते अधिक २ मध्ये ठेवतं. रात्री काढून ठेवताना डायल वर, चावी वर, चावी खाली अशा वेगवेगळ्या स्थितींत चार-चार रात्री ठेवून बघा. एका स्थितीत ते थोडं पुढे जाईल, दुसरीत थोडं मागे. दिवसाची चूक रात्री भरून काढता येते. तारखेचं घड्याळ घेतलंत आणि मशीन जुन्या बांधणीचं असेल, तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख चावीने बदलू नका, चाकं तेव्हा एकमेकांत गुंतलेली असतात. सर्व्हिस ठरावीक वर्षांनीच हवी असं नाही. भरलेलं घड्याळ पूर्वीपेक्षा लवकर बंद पडायला लागलं किंवा रोजचा फरक हळूहळू वाढत गेला, की तेल सुकल्याचं समजा.

काढून ठेवायच्या वेळा मोजक्याच आहेत. हॅमर-ड्रिल किंवा तसं हादरणारं हत्यार, गोल्फ आणि रॅकेटचे खेळ, जिममधल्या बारचा खरखरीत भाग, एमआरआय, आणि तान्ह्या बाळाला उचलताना (लगची टोकं त्याच्या गालाला लागतात, हे आईवडिलांना लवकरच कळतं). एकदा आपटलं म्हणून मशीन बिघडत नाही, बॅलन्सच्या, म्हणजे वेळ राखणाऱ्या डोलत्या चाकाच्या, दोन्ही टोकांना धक्का शोषणाऱ्या स्प्रिंगा असतात. सतत बसणाऱ्या बारीक हादऱ्यांनी मात्र स्क्रू आणि रोटरचा (हाताच्या हालचालीने फिरून घड्याळ भरणाऱ्या वजनाचा) आधार सैल होतो. गर्दीत किंवा अनोळखी ठिकाणी लहान घड्याळाचा एक फायदाच आहे, ते बाहीखाली जातं आणि लांबून ओळखू येत नाही. तरीही सीरियल नंबर, पावती आणि केसच्या चारही बाजूंचे फोटो घड्याळापासून वेगळे जपून ठेवा.

राहिलं जुनं की नवं. १०१६ या क्रमांकाचं एक्सप्लोरर मला स्वतःला सगळ्यात देखणं वाटतं, पण रोजचं आणि एकमेव घड्याळ म्हणून मी ते कुणाला सुचवणार नाही. काच ॲक्रिलिकची, पटकन ओरखडे धरणारी. काट्यांवर अंधारात उजळणारं ट्रिटियम, ज्याचा अर्धायुकाळ १२.३ वर्षं, तेव्हा आज त्याचा उजेड जवळपास संपलेला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते पाण्यात नेण्याची हिंमत कुणी करू नये. १९८९ मध्ये ते बंद होऊन १४२७० आलं, त्याला सफायर काच मिळाली. तिथून पुढे रोज घालण्याजोगी घड्याळं सुरू होतात. २००१ ते २०१० मधलं ११४२७० बजेट कमी असेल तर चांगलं, त्यात चेनची टोकं भरीव झाली होती. बजेट असेल तर २०२१चं ३६, त्याच्या क्लास्पसाठी आणि ७० तासांसाठी. ३९चं २१४२७० तुमच्या मनगटाला चालेल, पण मग तुमच्या सध्याच्या घड्याळापासून तुम्ही फार लांब जाणार नाही. आणि हेच एक नाव धरून बसू नका. ट्यूडरचं ३९चं ब्लॅक बे फिफ्टी-एट किंवा त्यांचं रेंजर हातात घातल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

वापरलेलं घेणार असाल तर चेन डायलच्या बाजूने आडवी धरा आणि किती झुकते ते पाहा. नव्या चेनची किंमत लहान नसते. चारही लगची जाडी एकमेकांशी ताडून बघा, एक बाजू पातळ असेल तर पॉलिश जास्त झालंय. चावी पूर्ण उघडून परत बंद करा, आटे गुळगुळीत धरायला हवेत, घसरता कामा नयेत. काटे फिरवताना कुठे अडखळतात का ते बघा. आणि प्रेशर टेस्ट तुमच्यासमोर करून मागा. विकणारा नाही म्हणाला, तर ते घड्याळ पाण्यात चालत नाही असं धरून, गॅस्केट, चावी आणि नळी बदलण्याचा खर्च वजा करूनच किंमत बोला.